दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि मुक्या जीवांचे ऋण

पित्ताशयात खडे झाले, हर्निया झाला अथवा अपेंडिक्स सुजले, तर आज आपल्या घरांतील माणसे फारशी घाबरत नाहीत. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी सोडतील,’ असे एकमेकांना सांगून धीर दिला जातो, आणि बहुतेक वेळा तसेच घडते. पोटावर तीन-चार लहान छिद्रांच्या खुणा राहतात. आठवड्याभराने माणूस हळूहळू पेढीवर जाऊन बसू लागतो. एका पिढीपूर्वी याच दुखण्यासाठी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे, स्नायू कापावे लागत आणि रुग्णाला महिना-दीड महिना विश्रांती घ्यावी लागे. ज्यांचा सारा व्यवहार स्वतःच्या उपस्थितीवर चालतो, त्या व्यापारी कुटुंबांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

रुग्णालयाच्या बिलात खोलीचे भाडे असते, भूलतज्ज्ञाचे मानधन असते, औषधे आणि साधने यांचा तपशील असतो. व्यापाऱ्याची नजर प्रत्येक रकमेवरून फिरते. परंतु या उपचारामागचा एक खर्च कोणत्याच बिलात लिहिलेला नसतो. जे साधन आपल्या आप्ताच्या पोटात शिरले, ते माणसाच्या देहात येण्यापूर्वी कोणत्या तरी मुक्या जिवाच्या देहात जाऊन आलेले असण्याचा संभव मोठा असतो. बहुधा तो जीव डुकराचा, कधी कुत्र्याचा, कधी मेंढीचा असतो. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या कुटुंबांनी या खर्चाची नोंद कोणत्या पानावर करायची, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभ एका कुत्र्यापासून

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहासच एका प्राण्यापासून सुरू होतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील वैद्य गेओर्ग केलिंग यांनी १९०१ साली हॅम्बुर्ग येथे भरलेल्या शास्त्रज्ञ व वैद्यांच्या परिषदेत एका जिवंत कुत्र्याच्या पोटात हवा भरली आणि मूत्राशय पाहण्यासाठी वापरली जाणारी दुर्बीण त्यातून आत घालून पोटातील अवयव पाहून दाखवले. पोटात होणारा रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबवता येईल काय, हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न होता. ते उत्तर शोधताना पोट न उघडता पोटात पाहण्याची रीत हाती आली. १९१० साली स्टॉकहोमचे हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी ही रीत माणसांवर वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्यानंतर अनेक दशके दुर्बीण प्रामुख्याने निदानासाठीच वापरली गेली. तिच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याच्या कल्पनेला मोठी चालना मिळाली ती कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांच्यामुळे. पोटात नियंत्रित दाबाने वायू भरणारे स्वयंचलित यंत्र त्यांनी विकसित केले आणि १९८० साली दुर्बिणीद्वारे अपेंडिक्स काढले. त्या काळी त्यांच्यावर समव्यावसायिकांनी कठोर टीका केली. १९८५ साली ब्योब्लिंगेन येथे एरिष म्यूहे यांनी याच पद्धतीने पित्ताशय काढले आणि १९८७ साली फ्रान्समधील लियों येथे फिलिप मूरे यांनी तशीच शस्त्रक्रिया केल्यावर ही पद्धत वेगाने पसरली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. निदानासाठी ते १९७२ पासूनच दुर्बीण वापरत होते. महाराष्ट्रातील गावोगावच्या रुग्णालयांत आज ही शस्त्रक्रिया रुळलेली दिसते, तिच्या मागे हा सारा प्रवास आहे.

साधनाची परीक्षा कशी होते

नवे साधन म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेऊ. पोटाच्या भिंतीतून आत जाणारी नळी, जिला ट्रोकार म्हणतात; ऊती पकडणारे चिमटे; रक्तवाहिनी उष्णतेने सांधून बंद करणारे उपकरण; आतड्याची दोन टोके जोडणारे स्टेपलर; आणि अलीकडे या सर्वांना हाताळणारे यंत्रमानवी हात. उघड्या शस्त्रक्रियेत रक्त वाहू लागले तर शल्यविशारद बोटाने दाबून धरू शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्याचे हात बाहेर असतात, तो पडद्याकडे पाहत असतो, आणि आत जे काही घडते ते साधनाच्या टोकाशी घडते. म्हणून साधन ऐन वेळी दगा देणार नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

ही खात्री पायरी-पायरीने होते. पहिली पायरी प्रयोगशाळेतील मेजावरची. धातू किती वाकतो, विद्युत-आवरण कुठे फाटते, चिमटा किती वेळा उघडझाप करून टिकतो, हे तेथे कळते. त्यासाठी कोणत्याही जिवाची गरज नसते. दुसरी पायरी मृत ऊतींची. रक्तवाहिनीचे सांधलेले तोंड किती दाबाला फुटते, हे मृत प्राण्याच्या धमनीवर मोजता येते. तिसरी पायरी भूल दिलेल्या जिवंत प्राण्याची. चौथी पायरी माणसाची. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी केली आहे. अगदी नव्या प्रकारचे उपकरण माणसावर तपासण्याची परवानगी मागताना आधीच्या चाचण्यांची माहिती सादर करावी लागते.

तिसऱ्या पायरीसाठी डुक्कर का निवडले जाते? पूर्ण न वाढलेल्या डुकराचे पोट आकाराने माणसाच्या पोटाच्या जवळ जाते, त्यामुळे माणसासाठी बनवलेली साधने जशीच्या तशी वापरता येतात. यकृत, पित्ताशय आणि रक्तवाहिन्या यांच्या ठेवणीतही पुष्कळ साम्य आहे. जिवंत देहात रक्त वाहते, गोठते, हृदयाच्या ठोक्यागणिक दाब बदलतो, श्वासाबरोबर अवयव हलतात. मेजावर आणि मृत ऊतीवर हे काहीच दिसत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यावर हृदय आणि फुप्फुसे यांवर काय ताण येतो, सांधलेली रक्तवाहिनी तीन आठवड्यांनंतरही बंद राहते काय, उष्णतेमुळे शेजारची ऊती किती अंतरापर्यंत भाजली गेली, या प्रश्नांची उत्तरे या पायरीवर शोधली जातात.

यातील काही प्रयोगांत प्राण्याला शुद्धीवर येऊच दिले जात नाही. भुलेतच त्याचे जीवन संपवले जाते. काहींत त्याला काही दिवस अथवा आठवडे जगवून पुन्हा तपासले जाते आणि बहुधा शेवटी ऊती काढून घेण्यासाठी मारले जाते. हे वाचताना मन अस्वस्थ होते, परंतु सौम्य शब्दांच्या पडद्याआड ते लपवणे योग्य नव्हे. शास्त्रीय अहवालांत मरणाचा उल्लेख अत्यंत कोरड्या शब्दांत येतो आणि उपकरणाच्या जाहिरातीत तर तो मुळीच नसतो.

प्राणी काय सांगू शकत नाही

प्राण्यावरील परीक्षेने माणसाचे हित साधले, हे नाकारता येणार नाही. मात्र तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते.

प्रयोगासाठी आणलेले डुक्कर तरुण आणि निरोगी असते. त्याच्या पित्ताशयात खडे नसतात, सूज नसते, पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली नसतात. माणसाला असते तसे अपेंडिक्स डुकराला नसतेच. रुग्ण मात्र अनेकदा वयस्क असतो, त्याला मधुमेह असतो, त्याच्या पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली असते. निरोगी देहावर उत्तीर्ण झालेले साधन रोगग्रस्त देहावर तसेच वागेल, असे गृहीत धरता येत नाही.

याचे सर्वांत कठोर उदाहरण मॉर्सेलेटर या उपकरणाचे आहे. गर्भाशयातील मोठी गाठ लहान छिद्रातून बाहेर काढता यावी म्हणून तिचे आतल्या आत बारीक तुकडे करणारे हे यंत्र. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून ते वापरात होते आणि यांत्रिक दृष्टीने ते आपले काम चोख करत होते. परंतु साधी समजली गेलेली गाठ क्वचित कर्करोगाची निघे, आणि अशा वेळी यंत्राने उडालेले तुकडे पोटभर पसरून रोग बळावत असे. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत जाहीर इशारा दिला. गर्भाशयातील गाठींसाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीला असा लपलेला कर्करोग असू शकतो, असा अंदाज त्या प्रशासनाने वर्तवला. कोणत्याही निरोगी डुकरिणीच्या पोटाने हा धोका दाखवला नसता, कारण तो धोका यंत्राच्या पात्यात नव्हता. तो माणसाच्या रोगात होता.

दुसरे उदाहरण हाताच्या कौशल्याचे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत दुर्बिणीच्या पित्ताशय-शस्त्रक्रियेची मागणी एवढी वाढली की अनेक अनुभवी शल्यविशारद शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या शिबिरात डुकरांवर सराव करून सोमवारी रुग्णांकडे वळू लागले. उघड्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला गंभीर इजा होण्याचे प्रमाण हजारी एक-दोन होते. नव्या पद्धतीत ते हजारी चार ते सहापर्यंत गेल्याचे पुढील अभ्यासांनी दाखवले. १९९२ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाला याची दखल घ्यावी लागली आणि अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केल्याशिवाय कोणी स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया करू नये, असे धोरण घ्यावे लागले. त्या शिबिरांत कित्येक डुकरांचे जीव गेले. रुग्णांना हवी असलेली सुरक्षितता मात्र त्या बलिदानातून लाभली नाही. ती पुढे गुरूच्या सान्निध्यात, सावकाश केलेल्या शिक्षणातून लाभली.

कायदा काय म्हणतो, धर्म काय विचारतो

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्राणी-प्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या. प्राण्यावाचून काम भागत असेल तर प्राणी वापरू नये. वापरावाच लागला तर संख्या कमीत कमी असावी. आणि जो वापरला जाईल त्याची वेदना कमीत कमी असावी. आज जगभरचे नियम या तीन कसोट्यांवर उभे आहेत.

आपल्या देशात श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले. सरकारच स्वतः कायदा आणील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. या कायद्याने वैद्यकीय ज्ञानासाठी होणारे प्रयोग बेकायदा ठरवलेले नाहीत. परंतु त्याच्या १७ व्या कलमात अशी तत्त्वे नमूद आहेत, जी आपल्या समाजातील प्रत्येक विश्वस्ताने वाचून ठेवावीत. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी शिक्षण होत असेल तेथे प्राणी-प्रयोग टाळावेत. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये. शस्त्रक्रियेच्या वेळी शक्यतो भूल द्यावी. आणि नुसते हाताचे कौशल्य कमावण्यासाठी शक्यतो असे प्रयोग करू नयेत. इंग्लंडने तर १८७६ सालच्या कायद्यातच हाताच्या कौशल्यासाठी जिवंत प्राणी वापरण्यास मनाई केली होती, आणि तेथे कुशल शल्यविशारद घडले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

१९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी-नीती समिती असावी लागते. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यासाठी केंद्रीय समितीची संमती लागते. संस्थेच्या समितीत पशुवैद्य व शास्त्रज्ञ यांच्याबरोबर विज्ञानक्षेत्राबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक सदस्यही असतो. ही जागा आपल्यासारख्यांसाठीच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता धर्माचा प्रश्न. आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला स्वयंपाक, शेती, व्यापार, स्वसंरक्षण यांतील हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही; मात्र संकल्पपूर्वक होणाऱ्या त्रसहिंसेचा त्याग श्रावकाने करावा, अशी अपेक्षा आहे. उपकरणाची चाचणी ‘उद्योगी’ या सदरात घालून मोकळे होण्याचा मोह होऊ शकतो. पण विचार करता दिसते की येथे प्राणी ठरवून निवडला जातो, बांधला जातो, उपाशी ठेवला जातो, छेदला जातो आणि मारला जातो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध ही नावे येतात, हे श्रावकाला सांगायला नको. हेतू उपचाराचा असल्याने कर्माची तीव्रता सौम्य होत असेलही. तो निर्णय ज्ञानी जनांचा. आपण मात्र नाव बदलून कृतीचे स्वरूप बदलले, असे समजू नये.

‘आम्ही तर काही केले नाही,’ हे उत्तरही अपुरे पडते. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी हिंसेचा दोष लागतो, ही आपल्या परंपरेची सूक्ष्म दृष्टी आहे. शल्यविशारद करतो, कंपनी करवते, आणि लाभ घेणारा व भांडवल पुरवणारा मौनाने अनुमोदन देतो. म्हणून या विषयात व्यापारी माणसाचे स्थान दूरच्या प्रेक्षकाचे राहत नाही.

याचा अर्थ उपचार नाकारावा असा मुळीच नव्हे. जी चाचणी होऊन गेली, ती आपल्या नकाराने मागे जाणार नाही. आणि पोटात सडू पाहणारे अपेंडिक्स घेऊन बसणे हे तप नव्हे. गृहस्थाने उपचार घ्यावा, कृतज्ञतेने घ्यावा आणि पुढच्या चाचणीत एक जीव तरी वाचावा यासाठी आपल्या हातात काय आहे, ते पाहावे.

पर्याय किती पुढे आले आहेत

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. नव्या साधनाची परीक्षा ही एक, आणि जुन्या साधनावर हात बसवणे ही दुसरी.

दुसऱ्या कामासाठी जिवंत प्राणी वापरण्याची सबब आता फारशी उरलेली नाही. ज्या कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढले, त्यांनीच विद्यार्थ्यांना सराव करता यावा म्हणून पेटीसारखी प्रतिकृती तयार केली होती. तिच्यात खऱ्या साधनांनी गाठी मारणे, वस्तू उचलून ठेवणे, कापणे हे शिकता येते. पुढे संगणकावर चालणारे सिम्युलेटर आले. २००२ साली येल विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ शिकाऊ शल्यविशारदांची तुलना केली गेली. सिम्युलेटरवर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका सहापटीने कमी होत्या. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शरीरशास्त्रज्ञ वाल्टर थील यांनी १९९२ साली मृतदेह टिकवण्याची अशी रीत प्रसिद्ध केली की ज्यात ऊतींचा मऊपणा आणि सांध्यांची लवचीकता बरीचशी कायम राहते. अशा देहात वायू भरून दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकवता येते. आणि तो देह माणसाचा असल्याने शरीररचनेचा प्रश्नच राहत नाही.

पहिल्या कामात, म्हणजे अगदी नव्या साधनाच्या परीक्षेत, प्रगती मंद आहे. २०२२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील यंत्रमानवाने दुर्बिणीच्या पद्धतीने आतड्याची दोन टोके बहुतांशी स्वतःच जोडून दाखवली, ती चार डुकरांवर. २०२५ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी पित्ताशय काढण्याच्या मुख्य टप्प्यासाठी नवा यंत्रमानव तपासला, तेव्हा त्यांनी जिवंत प्राण्याऐवजी मृत डुकरांचे आठ अवयव वापरले. एका जिवाला मुद्दाम भूल देऊन मारण्यापेक्षा हे निश्चितच कमी दोषाचे वाटते. तरीही मृत अवयव कत्तलखान्यातून येत असेल, तर ती वाट आपल्याला निर्दोष म्हणता येणार नाही. पर्याय या शब्दाने हुरळून न जाता, पर्यायाचे मूळ कोठे आहे तेही पाहावे लागते.

आपल्या हाती काय आहे

आपल्या समाजाने पांजरपोळ उभारले, गोशाळा चालवल्या, नेत्रदानाला मोठ्या संख्येने हातभार लावला, शेकडो रुग्णालयांचे विश्वस्तपद भूषवले. या परंपरेला धरून पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट रुग्णालयांच्या विश्वस्तांसाठी. आपल्या संस्थेत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे शिबिर भरणार असेल, तर सराव कशावर होणार, हा प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून विचारावा. जिवंत प्राणी वापरणार असतील तर १७ व्या कलमाकडे आदराने लक्ष वेधावे आणि पेटीची प्रतिकृती अथवा सिम्युलेटर विकत घेण्यासाठी दाता शोधून द्यावा. नुसता विरोध करणाऱ्याचे डॉक्टर ऐकत नाहीत. पर्यायाचा खर्च उचलणाऱ्याचे ऐकतात.

दुसरी गोष्ट वैद्यकीय साधनांच्या व्यापारात अथवा उत्पादनात असलेल्या आपल्या बांधवांसाठी. ज्या साधनात पैसा गुंतवायचा, त्याच्याबद्दल तीन प्रश्न विचारावेत. हीच माहिती पूर्वी मान्यता मिळालेल्या तत्सम साधनाच्या चाचणीतून उपलब्ध असताना पुन्हा प्राणी वापरण्याची गरज काय? मेजावरच्या आणि मृत ऊतींवरच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत काय? जे प्राणी जगू शकतील, त्यांच्या पुढील सांभाळाची तरतूद खर्चात धरली आहे काय? आपल्या देशातील धोरणाने प्रयोगानंतरच्या सांभाळाची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यावर टाकलेली आहे. पूर्वजांनी पंधरा कर्मादाने सांगून कोणता धंदा करू नये हे शिकवले. त्या यादीच्या भावनेत आज हे प्रश्न बसतात.

तिसरी गोष्ट पांजरपोळांसाठी. प्रयोगातून सुटलेल्या जिवांना आश्रय देण्याची तयारी आपल्या संस्थांनी कळवली, तर ‘त्यांना ठेवायचे कोठे’ ही मारण्यामागची एक सबब नाहीशी होईल.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती देहदानाची. माणसाच्या उपचारासाठी माणसाचा देह उपलब्ध झाला, तर त्या प्रमाणात प्राण्याची गरज कमी होते. येथे एक धार्मिक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. मृत देहात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून अंत्यसंस्कार लवकर व्हावा, अशी परंपरेची भूमिका आहे. या प्रश्नावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुजनांचे मार्गदर्शन घ्यावे. मतभेद असल्यास त्यांचा आदर करावा. ज्यांचे मन या दानाला तयार असेल, त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जिवंतपणीच इच्छापत्र भरून ठेवावे आणि घरच्यांना त्याची कल्पना द्यावी, कारण ऐन वेळी निर्णय त्यांच्याच हाती असतो. नेत्रदान केल्यानंतरही बहुतेक ठिकाणी देह स्वीकारला जातो. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन अथवा काही संसर्गजन्य रोग असल्यास मात्र तो सहसा घेतला जात नाही.

पाचवी गोष्ट तरुणांसाठी. आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि वैद्यकशास्त्र शिकत आहेत. रक्त वाहणारी, ठोक्यागणिक स्पंदणारी कृत्रिम ऊती बनवणे, रोगग्रस्त पित्ताशयाची हुबेहूब प्रतिकृती तयार करणे, ही कामे या ज्ञानाच्या आवाक्यात आहेत. डुकराच्या निरोगी पोटाने जे दाखवले नाही, ते अशा प्रतिकृतीत सूज, चिकटलेली आतडी आणि खडे घालून दाखवता येईल. अशा संशोधनासाठी एखादी शिष्यवृत्ती आपल्या ट्रस्टने दिली, तर ते जीवदयेचेच काम ठरेल. त्यात रुग्णाचे हित आणि जिवाचे रक्षण एकाच दिशेने चालते, हे त्याचे विशेष.

पर्युषणाच्या शेवटी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या ‘सर्व जीवां’त कीड-मुंगी येते, पाण्यातील सूक्ष्म जीव येतात. ज्या जिवाच्या देहावर पारखलेल्या साधनाने आपल्या आईचे पित्ताशय काढले, मुलाचे अपेंडिक्स काढले, तो जीवही त्यात यावा. आणि क्षमा मागून झाल्यावर, दिवाळीच्या नव्या वहीत धर्मादाय खात्याच्या पानावर एक ओळ त्याच्या नावाने लिहावी. सिम्युलेटरसाठी असो, शिष्यवृत्तीसाठी असो किंवा पांजरपोळासाठी असो. रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणे. ऋण लिहून ठेवले की ते फेडण्याची आठवण राहते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.